सोनेरी डबा उघडण्याआधी

बघ, बेट्टदपुरातलं ते जुनं घर मनासारखं करायला निघालीस आणि क्रोम, शॅम्पेन गोल्ड, अँटिक ब्रास, कॉपर, गनमेटल या स्प्रे-रंगांच्या नावांनी तुझं डोकं उठलं. उठणारच गं! डब्याच्या झाकणावरचा रंग आणि वस्तूवर उतरणारा रंग क्वचितच जुळतो. पण हे काम तुला नक्की जमणार आहे. फक्त घर भाड्याचं आहे, तेव्हा मालकिणीच्या कानावर आधी घाल.

आता फ्रिजवरचं चुंबक काढ आणि घरभर फिर. कड्या, कोयंडे, कपाटांच्या मुठी, पडद्यांचे रॉड, सगळ्यांना लावून बघ. चिकटलं तर खाली लोखंड आहे. नाही चिकटलं तर स्क्रूपाशी, मागच्या बाजूला, कानशीने जरासं खरवड. आतून पिवळं निघालं तर हात आवर, ते पितळ आहे! जुन्या घरांतल्या पितळी कड्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर चढलेले असतात. ते उतरव आणि चिंच-मीठ नाहीतर पितांबरी लावून घास. खऱ्या पितळेवर सोनेरी स्प्रे मारणं मला अजिबात पटत नाही. समई, घंगाळ, तांब्या यांच्याकडे तर डबा वळवूही नकोस.

उरलेल्या लोखंडाला कुठला रंग? खरं सांगू का, रोज किती हात लागतो त्यावर ठरव. सोनेरी स्प्रेमध्ये सोनं नसतं, धातूचे बारीक पापुद्रे असतात. कधी ॲल्युमिनियमचे, कधी पितळेचे. पितळेचे असतील तर हवेने हळूहळू काळवंडतात. आरशासारखा क्रोम सगळ्यांत नाजूक. त्याचे पापुद्रे वर तरंगून बसतात म्हणून तो चमकतो, आणि म्हणूनच बोट फिरवलं की निघतो. जपायला वरून क्लिअर लॅकर मारलंस तर चमक जाऊन करडा दिसतो. तेव्हा क्रोम फक्त उंचावरच्या, कुणी न शिवणाऱ्या वस्तूला. कपाटाच्या मुठींना गनमेटल किंवा गडद अँटिक ब्रास घे, वर लॅकरचा हात दे. झिजलं तरी नजरेत येत नाही. पडद्याचे रॉड, आरशाची चौकट, दिव्याची ब्रॅकेट यांना मऊ, मंद सोनेरी शोभेल. नळांना मात्र काहीच नको. सतत पाणी लागून पोपडे येतात.

आणि सगळंच सोनेरी करू नकोस गं. म्हैसूरला गेलीस की अंबाविलास राजवाड्यातला कल्याण मंटप बघ. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाला, मग हेन्री अर्विनच्या आराखड्याप्रमाणे हा १९१२ पर्यंत उभा राहिला. मंटपाचे खांब ग्लासगोच्या कारखान्यातल्या ओतीव लोखंडाचे आहेत, पण रंगाच्या अंगावर सोनेरी नक्षी अशी बसवलीय की लोखंड आठवतही नाही. राजाच्या घरीसुद्धा सोनेरीच्या जोडीला दुसरा रंग लागला! तुझ्या खोलीत एक धातूचा रंग मुख्य ठेव, दुसरा जेमतेम.

खरी मेहनत रंगाआधीची आहे. तार-ब्रशने गंज काढ, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालव, चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घास, कोरडं कर, मग प्रायमर. हे टाळलंस तर महागातला डबासुद्धा वाया. तुमच्याकडे कोडगूच्या बाजूचा पाऊस सुरू झाला की दमटपणा असतो. ओलसर हवेत रंगावर पांढुरकी धुंदी चढते. पावसाने उघडीप दिली की कोरडी दुपार बघ. डबा आतल्या गोळीचा आवाज यायला लागल्यावरही मिनिटभर हलव. आधी पुठ्ठ्यावर मारून बघ, म्हणजे खरा रंग कळेल. वीतभरापेक्षा थोडं लांब धर, हात फिरता ठेव, आणि पातळ दोन-तीन थर दे. एकदाच जाड मारलास की ओघळ आलाच. हाताला सुकलेला वाटला तरी मुठी दुसऱ्या दिवशीच बसव.

एक गोष्ट मात्र माझी ऐकायचीच. डब्यातला वायू पेट घेतो. गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती, जवळपास काही पेटतं नको. काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला चांगला मास्क लावून. साध्या ओढणीने भागत नाही. आणि दिवस गेलेले असतील तर डब्याला हातही लावू नकोस, दुसऱ्या कुणाकडून करून घे. डबा उन्हात, गाडीत ठेवू नकोस.

या आठवड्यात फक्त चुंबक घेऊन फिर आणि एकच मूठ काढून रंगव. ती कशी झाली त्याचा फोटो पाठव गं, मग रॉडचा रंग आपण मिळून ठरवू.