अर्थ एका मनातून दुसऱ्या मनात जातो का?

सातारा-सांगलीकडील विहारांत आपण पालीतून त्रिशरण-पंचशील म्हणतो. मुले ते घडाघडा म्हणतात. पण चौथ्या शीलाचा अर्थ विचारला की गप्प बसतात. शब्द पोहोचले, मग अर्थ कुठे अडला?

आम्ही बँकेत नोकरी करतो. काउंटरवरून नोट दिली की ती दुसऱ्याच्या हातात जाते. अर्थ तसा जात नाही. कर्जाचा कागद वाचून दाखवला, तरी अंगठा देणाऱ्या मावशींना हप्ता किती व कधी, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे लागते. ऐकणाऱ्यालाच अर्थ आपल्या मनात उभा करावा लागतो.

सारनाथला तथागतांचे पहिले प्रवचन पाचजणांनी ऐकले. शब्द तेच; पण प्रथम उमगले ते कौंडिण्याला. पुढे बुद्धवचन पंडिती छंदात बांधण्याची दोन भिक्खूंची विनंती तथागतांनी नाकारली व ते आपल्या बोलीत शिकण्यास अनुमती दिली, असे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या बाबासाहेबांनीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत.

सांगणाऱ्याच्या हाती एवढेच असते : ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे, मग त्याला विचारावे. न समजता घेतलेले शील म्हणजे न वाचता केलेली सही.

म्हणून पुढच्या वंदनेनंतर एकेक शील एकेका मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे. ते अडखळले, तर मोठ्यांनी हसू नये, थांबावे. ‘मी खोटं बोलणार नाही,’ एवढे जरी ते म्हणाले, तरी चौथे शील पोहोचले.