परसातले आळे

घराच्या मागल्या अंगास जी मोकळी जागा असते तिला परस म्हणतात. देशावर हे परस बहुधा काळ्या मातीचे, तर कोकणात तांबड्या मातीचे असते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तांबड्या मातीतून पाणी पाहता पाहता निचरून जाते. भाजी दोन्हींत पिकते; मात्र मातीचा आणि ऋतूचा स्वभाव ओळखल्यावाचून ती पिकत नाही. हा स्वभाव शिकवणारा उत्तम गुरू म्हणजे रोपाभोवतीचे आळे होय.

जूनच्या ७ तारखेच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. चांगला पाऊस पडून जमिनीला वाफसा आला, की भेंडी, गवार, दोडका, पडवळ, कारले, भोपळा यांचे बी टोचतात. या दिवसांत खोल आळे घातकच. त्यात पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही आणि टवटवीत रोप चार दिवसांत मान टाकते. म्हणून बुंध्याशी मातीची भर देतात आणि आळ्याची कड एका बाजूने फोडून पाण्याला वाट करून देतात. नवशिका माणूस नेमका याच वेळी कोमेजलेले रोप पाहून त्याला आणखी पाणी घालतो!

श्रावणात वेल मांडवावर चढतात. भोपळ्याची पिवळी फुले पहाटे उमलतात व ऊन चढताच मिटतात. दोडक्याची सायंकाळी उमलतात. पडवळाची पांढरी, झालरीसारखी फुले अंधार पडल्यावर फुलतात व त्यांच्याकडे पतंग येतात. भोपळ्याच्या मादीफुलाखाली इवलेसे फळ आधीपासूनच दिसते, परंतु नरफुलातील पराग न मिळाल्यास ते पिवळे पडून गळते. पावसाची झड लागली, की मधमाश्या बाहेर पडत नाहीत. अशा वेळी सकाळीच नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्या आणि त्यातील पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. म्हणजे फळ धरते.

हिवाळा हा परसाचा सुखाचा काळ. दसऱ्यानंतर मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर यांचे वाफे करतात. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्यापूर्वी धणे रगडून त्यांच्या फाकी करतात. मेथी तर महिन्याभरात ताटात येते.

खरी कसोटी लागते ती चैत्र-वैशाखात. विहिरीचा तळ दिसू लागतो आणि घरातल्या माणसांना पुरेल एवढेच पाणी उरते. आता पावसाळ्यात फोडलेली आळ्याची कड पुन्हा बांधावी लागते, कारण थेंबही बाहेर जाता कामा नये. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर पसरला म्हणजे ओल टिकते. हाच पाला अनेक घरी शिशिरात झाडून, ढीग करून पेटवून दिलेला असतो, हे दुर्दैव! काही ठिकाणी बुंध्याजवळ कोरे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरतात. ते झिरपत राहून मुळांना ओल पुरवते. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी मिरचीला देतात. मोरीचे पाणी केळीकडे आणि अळवाकडे वळवतात; साबणाचे पाणी मात्र पालेभाजीस देत नाहीत.

एवढे करूनही सर्वांना पाणी पुरत नाही. मग कोणाला जगवायचे हे ठरवावे लागते. अंगणात हौसेने लावलेली हरळीची हिरवळ पिवळी पडू लागली, की घरच्या मंडळींचा जीव कळवळतो आणि बादली प्रथम तिच्याकडेच वळते. वास्तविक तिलाच त्या पाण्याची गरज सर्वांत कमी असते. गणपतीला वाहतात त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. ती भाजीच्या वाफ्यात शिरली, तर कुदळीने तुटलेल्या प्रत्येक कांडीतून नवी फुटते व माणसाला हैराण करते. असे चिवट गवत उन्हाने वरवर करपले, तरी जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून असते. केळीचे तसे नाही; पाण्यावाचून तिचा लोंगर पोसत नाही. म्हणून जाणते लोक हिरवळ खुशाल वाळू देतात व ती बादली केळीच्या आळ्यात रिकामी करतात. मृगाच्या सरी कोसळल्यावर आठवडाभरातच त्या करड्या अंगणात हिरवे कोंब दिसू लागतात.