लांबची वाट, परंतु लवकरची

प्रवासाला निघताना मनुष्य जवळचा रस्ता शोधतो. अंतर कमी असले की वेळही कमी लागतो, हा हिशेब सर्वांच्या परिचयाचा आहे. जमिनीवर तो बहुधा खरा ठरतो. आकाशात मात्र कधी कधी लांबची वाट धरणाराच आधी पोहोचतो.

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना वसलेली आहेत. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून तेथे जाता येते, तसेच पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरूनही जाता येते. एअर इंडियाचे विमान प्रथम अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर 2016 मध्ये त्याने पूर्वेची वाट धरली. ती सुमारे 15,300 किलोमीटरांची, म्हणजे 1,400 किलोमीटरांनी अधिक लांब होती. तरीही ते साडेचौदा तासांत, पहिल्या मार्गापेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले.

हे नवल घडले ते वाऱ्यामुळे. जमिनीपासून सुमारे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अतिशय वेगवान पट्टे वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 नंतरच्या दशकात आकाशात फुगे सोडून या वाऱ्यांचा अभ्यास केला. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरांहूनही अधिक होतो.

मोठे प्रवासी विमान हवेतून ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने जाते. ती हवाच त्याच दिशेने वाहत असेल, तर तिचा वेग विमानाच्या वेगात मिळतो. ती समोरून येत असेल, तर तितकाच वेग वजा होतो. 15,300 ला साडेचौदाने भागले असता ताशी सुमारे 1,055 किलोमीटर हा वेग निघतो. त्यातील वरचे दीडशे किलोमीटर हे वाऱ्याचे साहाय्य होय. वेळेबरोबर इंधनही वाचते. परतताना विमान अटलांटिकवरून पुन्हा पूर्वेकडेच निघाले, की जाऊन येऊन पृथ्वीला एक प्रदक्षिणा पूर्ण होते!

वाऱ्याची मर्जी ओळखण्याचे हे शहाणपण जुनेच आहे. अरबी समुद्रातील शिडाची जहाजे शतकानुशतके मोसमी वाऱ्यांवर विसंबून चालत. नैर्ऋत्येचे वारे त्यांना अरबस्तानाच्या व आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून भारताकडे आणीत आणि ईशान्येचे वारे परत नेत. वारा फिरेपर्यंत बंदरात थांबून राहण्यात त्या दर्यावर्दींना कमीपणा वाटत नसे.

दोन गावांमधील अंतर नकाशावर मोजता येते. परंतु प्रवासाला लागणारा वेळ ठरवावयाचा, तर वाटेवरच्या वाऱ्यालाही विचारावे लागते.

स्वाध्याय

1. लांबच्या मार्गाने जाऊनही विमान लवकर का पोहोचले?
2. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या घड्याळाच्या साडेबारा तास मागे असते. दिल्लीहून पहाटे 4 वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी तेथे उतरले, तर तेथील घड्याळात किती वाजले असतील?
3. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यांचा उपयोग कसा करीत, ते आपल्या शब्दांत लिहा.