पंप किती तास चालवायचा

पुणे, 12 मे

चि. मनू,

नागावच्या बंगल्याच्या लाइटबिलाचा फोटो पाहिला. 960 युनिट! आणि महिन्यात तिथे माणसं राहिली ती चार शनिवार-रविवार. तू एसीला दोष देऊन मोकळी झालीस. मी काल तुझ्या केअरटेकरला फोन लावला आणि एवढंच विचारलं, पूलचा पंप किती वेळ चालतो? तो अभिमानाने म्हणाला, ''बंदच करत नाय, साहेब.''

मग त्याला बाकीचे एमसीबी पाडायला लावले, नुसता पंप चालू ठेवून तासाभराने मीटर वाचायला सांगितलं. एक युनिट सरकलं होतं. पाटीवर एक एचपी म्हणजे 746 वॅट लिहिलेले असतात, पण ते मोटारीच्या दांड्यावर मिळतात. मोटार स्वतःचं खाणं धरून एक किलोवॅटच्या आसपास ओढते. म्हणजे दिवसाला 24, महिन्याला 720 युनिट. शिवाय पहिले 100 युनिट स्वस्त आणि 500च्या वरचे सगळ्यात महाग. तुझा पंपच तुला त्या वरच्या पायरीवर नेऊन बसवतो.

आता हिशेब. तुझा पूल आठ मीटर बाय चार, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे 40 हजार लिटर. पंप तासाला साधारण दहा हजार लिटर फिरवतो, म्हणजे चार तासांत एक फेरी. पण एका फेरीत सगळं पाणी फिल्टरमधून जात नाही. गाळलेलं पाणी परत त्याच पूलमध्ये पडतं, मिसळतं, आणि पंप त्यातलंच पुन्हा ओढतो. एका फेरीत 63 टक्के पाणी गाळलं जातं, दोन फेऱ्यांत 86, तीन फेऱ्यांत 95. पुढे मात्र तीच वीज जाळून एका फेरीला आधी तीन टक्के, मग एक, मग जेमतेम अर्धा टक्का हाती लागतो. तुझे शेवटचे बारा तास हे असे, गाळलेलंच पाणी पुन्हा गाळण्यात जातात.

उन्हाळ्यात आणि पाहुणे असताना आठ तास ठेव. थंडीत, पूल वापरात नसताना, पाच पुरतात. पण याहून काटकसर करू नकोस. एकदा पाणी हिरवं झालं की वाचवलेल्या विजेचे पैसे क्लोरीनमध्ये ओतावे लागतात, वर शनिवारचं बुकिंग जातं.

आठ तास कोणते, हे जास्त महत्त्वाचं. केअरटेकर घाटावरचा. शेतीची वीज बहुधा रात्री यायची, म्हणून पंप रात्री लावायचा, हे त्याच्या अंगात मुरलंय. तास कमी करायला सांगितलंस तर तो दिवसाचेच काढेल. शेवाळ वाढतं उन्हात, क्लोरीन उडतं उन्हात, माणसं उतरतात दिवसा; पाणी हलतं ठेवायचं तेही तेव्हाच. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 लाव. स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारं) मीटर बसलं असेल तर महावितरण नेमक्या याच वेळेच्या युनिटांवर सवलत देतं. क्लोरीन मात्र ऊन उतरल्यावर टाकायचं आणि मिसळण्यापुरता तासभर पंप चालवायचा. भर दुपारी टाकलेलं निम्मं तर ऊनच खातं.

टायमर बसवशील तेव्हा बॅटरी बॅकअपचा डिजिटलच घे. आमच्या सोसायटीच्या पूलला मी स्वतः हौसेने खुंट्यांचा, गोल तबकडीचा टायमर बसवला होता. लाइट गेली की तबकडीही थांबायची. रोज अर्धा-पाऊण तास मागे पडत पडत तीन आठवड्यांत पंप रात्री दहाला सुरू होऊ लागला, आणि माझ्या ते लक्षात आलं पाण्याचा रंग पाहून. पस्तीस वर्षं पंपांत काढलेला माणूस मी! सेक्रेटरी अजून भेटले की ''तबकडी काय म्हणते?'' विचारतात.

फिल्टरवरच्या गेजकडे बघायची सवय केअरटेकरला लाव. बॅकवॉश केल्यावर, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टरची वाळू धुतल्यावर, काटा कुठे असतो तिथे रंगाची रेघ मार. त्याच्या वर आठ-दहा पीएसआय चढला की पुन्हा बॅकवॉश. वाळू तुंबली की आठ तासांत दोन फेऱ्या होतच नाहीत. बास्केटमधला नारळीचा पालापाचोळा रोज काढायचा. पावसाळ्यात जास्तच.

हा पंप जळेल तेव्हा (जळेपर्यंत बदलू नकोस) व्हेरिएबल स्पीडचा घे. वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज हिशेबाने आठवा हिस्सा लागते. प्रत्यक्षात पाचवा-सहावा धर. दुप्पट वेळ चालवूनही बिल निम्म्याच्या खाली येतं आणि संथ पाणी वाळूत चांगलं गाळलं जातं. फक्त बॅकवॉश पूर्ण वेगाने.

उद्यापासून केअरटेकरला रोज सकाळी 9ला आणि संध्याकाळी 5ला मीटरचा फोटो पाठवायला सांग. तुलाही आणि मलाही. पंधरा दिवसांनी बोलू.

तुझा,
मामा