टीममध्ये केमिस्टही हवा

१. सगळे कागद एकाच डॉक्टरांपुढे मांडा. माझ्या मुलीला एपीएस-१ हा जनुकीय आजार आहे. एआयआरई हे जनुक बिघडलं की थायमसमध्ये टी-पेशींची छाननी नीट होत नाही आणि त्या आपल्याच ग्रंथींवर तुटून पडतात. आमच्याकडे तोंडातला पांढरा थर बालरोगतज्ज्ञ बघत होते, फिट मेंदूचे डॉक्टर आणि दातांचं खराब इनॅमल दंतवैद्य. फिट येत होत्या त्या कॅल्शियम घटल्यामुळे. आमच्या जळगावच्याच एका डॉक्टरांनी साऱ्या फायली शेजारीशेजारी ठेवल्या, तेव्हा कुठे संशय आला. निदान मुंबईला झालं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांवर तिथं काम चालतं. आपल्याकडच्या आईबापांना हे ठाऊक असायला हवं.

२. वाट मुंबईचे तज्ज्ञ दाखवतात, पण अडलेली रात्र गावातलाच डॉक्टर निभावतो. मुलीला एपीएस-१मधूनच अ‍ॅडिसनही आहे, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी. अ‍ॅडिसनमध्ये स्टेरॉइड एक दिवसही चुकवून चालत नाही. उलट्या लागल्या की गोळी पोटात ठरत नाही, आणि दादर तर रात्रभराच्या अंतरावर. म्हणून तज्ज्ञांकडून एकपानी पत्र घ्या: हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आधी, तपासण्या नंतर. त्याच्या प्रती मुलीच्या दप्तरात, शाळेत आणि धुळ्याला मावशीकडे आहेत. मावशी तर इंजेक्शन द्यायलाही शिकली. सुटीत मुलगी तिच्याकडे देवपूरला बिनघोर राहते.

३. केमिस्टशी ओळख वाढवा. शरीरात मीठ राखणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन हे मुलीचं औषध फार थोड्यांना लागतं, त्यामुळे दुकानात सहसा नसतं. आमचे केमिस्टभाऊ ते संपायच्या आधीच मागवून ठेवतात.

४. खान्देशचा मे महिना डॉक्टरांना समजावून सांगा. पारा ४५ अंशांच्या घरात जातो, घामावाटे मीठ जातं आणि अ‍ॅडिसनच्या रुग्णाचं शरीर ते राखू शकत नाही. मीठ किती वाढवायचं, डोस बदलायचा का, हे आम्ही होळीच्या सुमारासच विचारून घेतो. बीपीमुळे सासूबाईंना मीठ वर्ज्य. नातीच्या ताकात ते मुद्दाम घालायचं, हे त्यांना पटेना. शेवटी हार्मोनच्या डॉक्टर त्यांच्याशी फोनवर बोलल्या. आता ताक त्याच करून देतात.

५. जनुकतज्ज्ञांकडे घरच्या मोठ्यांनाही न्या. बहुतेक कुटुंबांत आईबाप दोघंही वाहक असतात, प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. तरी बोट सुनेच्या माहेराकडेच जातं. आमच्याकडे जनुकतज्ज्ञांनी कागदावर काढलेली आकृती सासऱ्यांनी पाहिली, दोन प्रश्न विचारले, आणि मुलीच्या धाकट्या भावाच्या रक्ततपासणीची तारीख त्यांनीच ठरवून घेतली.