हुंडी वटते ती पेढी उघडी असेपर्यंत

हिबरनेटचं पहिलं काम हाती आलं तेव्हा माझ्या सरांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. एंटिटी हातात आली म्हणजे डेटा हातात आला असं समजू नकोस. त्याचा अर्थ नीट कळायला मला दोन-तीन वर्षं लागली. तुला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

समज, तू ऑर्डरच्या टेबलातून एक ओळ आणलीस. ऑर्डरला ग्राहक आहे आणि ते नातं लेझी ठेवलेलं आहे. मग हिबरनेट ग्राहकाच्या टेबलाकडे जातच नाही. ऑर्डरच्या ओळीत ग्राहकाचा आयडी असतो, तेवढा तो उचलतो आणि ग्राहकाच्या क्लासपासून स्वतःच बनवलेल्या एका उपवर्गाचं ऑब्जेक्ट तुझ्या हातावर ठेवतो. हा प्रॉक्सी. त्याला आयडी विचारलास तर तो जागचा हलत नाही, कारण आयडी त्याच्यापाशीच असतो. नाव विचारलंस की मात्र डेटाबेसला क्वेरी जाते.

मी याला हुंडी म्हणते. हुंडी म्हणजे रोकड नव्हे, पण पेढी उघडी असेल तर दाखवल्याबरोबर रोकड मिळते. इथे पेढी म्हणजे सेशन. ते बंद झाल्यावर नाव विचारलंस तर लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन पदरात पडतं. नवी मुलं ते बघून घाईघाईने मॅपिंगमध्ये जातात आणि लेझीचं ईगर करून मोकळी होतात. ते तू करू नकोस. मॅपिंगमधलं ईगर सगळ्यांना लागू होतं. ज्या पानाला ग्राहक नकोच आहे तिथेही तो ओढून आणला जातो. आणि दोन वर्षांनी ते परत लेझी करायला गेलं, तर कुठे काय मोडेल ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही.

उलट एक सवय लाव. जेपीएमध्ये वन-टू-मेनी आणि मेनी-टू-मेनी ही नाती आपोआप लेझी असतात, पण मेनी-टू-वन आणि वन-टू-वन आपोआप ईगर असतात. 2006 साली जेपीए आलं तेव्हापासून हे असंच आहे आणि माझ्या मते ती चूकच आहे. म्हणून प्रत्येक मेनी-टू-वनवर लेझी हा शब्द स्वतःच्या हाताने लिही. वन-टू-वनचं दुसरं टोक, म्हणजे ज्या बाजूच्या टेबलात परकी किल्ली नसते, ते लेझी लिहूनही साधारणपणे लेझी होत नाही. पलीकडे ओळ आहे की नाही हे बघितल्याशिवाय तिथे प्रॉक्सी ठेवायचा की नल, हे हिबरनेट ठरवणार कसं? बघायला गेलं म्हणजे क्वेरी झालीच.

आता ज्याने माझी झोप उडवली होती ते सांगते. एका ग्राहक कंपनीसाठी महिनाअखेरीच्या ऑर्डरींचं पान मी लिहिलं होतं. माझ्या मशीनवर पाच ऑर्डरी होत्या, पान लगेच उघडायचं. प्रॉडक्शनला चारशे ऑर्डरी आल्या आणि पान उघडेनासं झालं. रात्री लॉग उघडला तर पहिली सिलेक्ट ऑर्डरींची, आणि तिच्याखाली ग्राहकाच्या सिलेक्टची रांग. मजकूर अक्षरशः तोच, फक्त आयडी वेगळा. स्क्रोल करून बोट दुखलं तरी संपेना. लूपमध्ये मी ग्राहकाचं नाव छापत होते, आणि प्रत्येक फेरीत एक हुंडी वटत होती. एकाच ग्राहकाच्या दोन ऑर्डरी असल्या तर दुसऱ्यांदा क्वेरी जात नाही, सेशनला तो ग्राहक आठवतो. पण आमच्याकडे बहुतेक ग्राहक वेगवेगळे होते. यालाच एन प्लस वन म्हणतात.

उपाय दोन शब्दांचा होता. क्वेरीत जॉइन फेच लिहिलं आणि सगळं एका फेरीत आलं. म्हणून नातं मॅपिंगमध्ये लेझी ठेवायचं, आणि कुठल्या पानाला काय लागतं ते त्या पानाच्या क्वेरीत मागायचं. एक जागा मात्र सांभाळ. कलेक्शनला जॉइन फेच लावून त्याच क्वेरीत पानं पाडू नकोस. ऑर्डरी आणि त्यांच्या वस्तू एकत्र आल्या की ओळी वाढतात, मग वीस ऑर्डरी मोजायच्या कशा? हिबरनेट सगळंच्या सगळं मेमरीत आणून तिथे पान पाडतो आणि लॉगमध्ये एक इशारा छापतो. तो इशारा कुणी वाचत नाही. त्यापेक्षा आधी वीस ऑर्डरींचे आयडी आण, मग त्या आयडींवर फेच कर. किंवा कलेक्शनला बॅच साइज दे, म्हणजे एकेक न आणता गठ्ठ्याने येतील.

डीबगरवर विश्वास ठेवताना जपून. प्रॉक्सी उघडून पाहिलास तर नाव नल, पत्ता नल, सगळंच नल दिसेल आणि डेटा गेला असं वाटून पोटात गोळा येईल. डेटा गेलेला नसतो. खरं ऑब्जेक्ट आत वेगळं धरलेलं असतं, बाहेरच्या खोक्यातल्या जागा रिकाम्याच राहतात. आणखी गंमत म्हणजे डीबगर कधीकधी दाखवण्यासाठी स्वतःच टूस्ट्रिंग बोलावतो, त्यानेच डेटा लोड होतो, आणि तू शोधत असलेला बग तेवढ्यापुरता नाहीसा होतो.

याच कारणाने इक्वल्स लिहिताना समोरच्या ऑब्जेक्टचं फील्ड थेट वाचू नकोस, गेटर वापर. फील्ड वाचलंस तर नल मिळेल. दोघांचे क्लास गेटक्लासने ताडून पाहू नकोस, कारण प्रॉक्सीचा क्लास वेगळाच असतो. एंटिटीचा क्लास फायनल ठेवू नकोस, नाहीतर उपवर्गच बनणार नाही. कॉटलिनमध्ये क्लास मुळातच फायनल असतात, तिथे ऑल-ओपन प्लगइन लावायला विसरू नकोस. लॉम्बॉकचं डेटा अ‍ॅनोटेशन एंटिटीवर कधीही नको, त्याचं टूस्ट्रिंग नात्यांमागून नाती ओढत जातं. जेसनचंही तेच, म्हणून एंटिटी थेट बाहेर पाठवू नकोस, डीटीओ पाठव.

स्प्रिंग बूट पेढी पान तयार होईपर्यंत उघडी ठेवतं. ओपन-इन-व्ह्यू ही सेटिंग आपोआप चालू असते, आणि सुरू होताना तसा इशाराही येतो. त्यामुळे एक्सेप्शन दिसत नाही, पण क्वेरी गुपचूप जात राहतात. प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशीच ती बंद कर. सहा महिन्यांनी बंद करायला गेलीस तर पन्नास ठिकाणी फुटेल.

प्रॉक्सी वाईट नाही, हेही सांगायला हवं. नवी ऑर्डर लिहायची असेल तर ग्राहकाची अख्खी ओळ कशाला आणायची? गेटरेफरन्स वापर, आयडी दे, प्रॉक्सी घे, ऑर्डरला लाव. एक सिलेक्ट वाचली. तो ग्राहक अस्तित्वातच नसेल तर मात्र तिथे कळणार नाही, इन्सर्टच्या वेळी परकी किल्ली अडवेल.

आज घरी जाण्याआधी एसक्यूएलचा लॉग चालू कर, तू लिहिलेलं एखादं पान उघड आणि सिलेक्ट मोज. आकडा किती आला ते उद्या मला सांग.