कळप नसलेला मेंढपाळ

तळीये हे महाड तालुक्यातले डोंगरपायथ्याचे गाव. २२ जुलै २०२१ रोजी तेथील वाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हापासून हे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्याच परिसरातल्या एका वाडीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. टाकून दिलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या पुण्यातील एका मंडळाकडून त्याने एक पिलू आणले. काळे-पांढरे, पाच महिन्यांचे, बॉर्डर कॉली जातीचे. कोणा हौशी माणसाने ते विकत घेतले होते आणि फ्लॅटमध्ये आवरेना म्हणून सोडून दिले होते.

महिन्याभरात त्याचा फोन आला. "सर, कुत्रं वेडं आहे का हो? पोरांभोवती गोल गोल फिरतं, टक लावून बघतं, आणि कुणी पळालं की टाचेला दात लावतं. आजी म्हणते, परत पाठव."

परत पाठवले तर पिलाला तिसरे घर शोधावे लागणार, आणि टाचा धरण्याची खोड असलेले कुत्रे कोण घेणार? विषय माझा पदार्थविज्ञानाचा, तरी मी रविवारी तिकडे गेलो.

तुम्ही पठारावरच्या धनगरांचे कुत्रे पाहिले असेल. दिवाळीनंतर मेंढ्या कोकणात उतरतात, त्यांच्यासोबत ते असते. पण ते मेंढ्या हाकत नाही. मेंढ्या धनगराच्या हाकेमागे चालतात. कुत्र्याचे काम रात्री वाघरीभोवती, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाभोवती, जागे राहून लांडग्या-बिबट्याला दूर ठेवण्याचे. ते राखणदार. बॉर्डर कॉली ही इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची जात हाकणारी आहे. आजी ज्याला 'मेंढरांचं कुत्रं' म्हणत होती ते पहिले. दारात आले होते ते दुसरे.

हा फरक कोठून आला? लांडग्याची शिकार टप्प्याटप्प्याने होते: सावज हेरणे, टक लावणे, दबकत जाणे, पाठलाग, चावा, आणि शेवटी मारणे. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून हाकणाऱ्या जातींत मधले टप्पे वाढवले आणि शेवटचे दाबले. राखणदार जातींत जवळजवळ सगळेच दाबले. म्हणून ज्या पिलाने जन्मात मेंढी पाहिलेली नाही, तेही टक लावते आणि दबकते. चावा मात्र दाबलेला असतो, पुसलेला नसतो. टाचेवरचा दात तो हाच.

आता मेंढ्यांकडे पाहू. १९७१ मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने असे मांडले की, धोका दिसला की कळपातला प्रत्येक प्राणी इतरांच्या आड जाऊ पाहतो, आणि या स्वार्थातूनच कळप घट्ट होतो. पुढे मेंढ्यांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे स्थान सांगणारी यंत्रे बांधून पाहिले, तेव्हा कुत्रे जवळ येताच त्या खरोखरच कळपाच्या मध्याकडे सरकताना आढळल्या. २०१४ मध्ये डॅनियल स्ट्रॉम्बॉम, अँड्र्यू किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर दाखवले की, कुत्र्याला दोनच नियम पुरतात. कळप विस्कटलेला असेल तर मध्यापासून सर्वांत दूर असलेल्या मेंढीच्या पलीकडे जा आणि तिला आत ढकल. कळप गोळा झालेला असेल तर त्याच्या मागे जा आणि सगळ्यांना पुढे ढकल. कुत्र्याची ती डावी-उजवी नागमोडी धावसुद्धा या दोन नियमांतून आपोआप निघते!

येथे थोडे गणित करायला हरकत नाही. दाटीने उभ्या मेंढीला एक चौरस मीटर जागा धरली, तर १०० मेंढ्यांच्या गोल कळपाची त्रिज्या सुमारे ५.६ मीटर येते. ४०० मेंढ्या केल्या तर? चौपट नव्हे, दुप्पट: ११.३ मीटर. म्हणजे कळप चौपट झाला तरी कुत्र्याची फेरी दुप्पटच वाढते. एकटे कुत्रे शेकडो मेंढ्या कसे आवरते, याचे निम्मे उत्तर येथे आहे.

अंगणात आम्ही हेच तपासले. पिलाला लांब दोरी बांधली, दोरीचे टोक विद्यार्थ्याच्या हाती. तीन मुलांना खेळायला सोडले. दोघे तुळशीपाशी राहिले, तिसरा रस्त्याकडे पळाला. पिलू लगेच बाहेरून वळसा घेऊन त्याच्या पलीकडे निघाले! तिघांची जागा बदलून पुन्हा पाहिले. दर वेळी सर्वांत दूर गेलेलाच त्याचे लक्ष्य. मग सगळ्यांना जागच्या जागी उभे केले. पिलू जमिनीला पोट लावून बसले आणि बघत राहिले. पळणारे काही नाही, तर ढकलायचे काही नाही.

तेव्हा ठरले ते असे. पिलू मोकळे असताना मुलांनी पळायचे नाही. दात लागलाच तर झाडासारखे उभे राहायचे. कातडी फुटली तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने साबण लावून धुवायचे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे, मग कुत्र्याला लस टोचलेली असो वा नसो. पिलाला रोज काम द्यायचे: 'बस', 'थांब', लपवलेली वस्तू शोधणे. शेळ्यांवर मात्र इतक्यात सोडायचे नाही. अडाणी पिलू त्यांना दमवून मारील.

धावपळ पहाटेच करायची, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकताना एक ग्रॅम पाणी उडाले की सुमारे २४०० जूल उष्णता जाते, पण महाडच्या दमट हवेत ते पाणी उडतेच हळू. त्यात याच्या अंगावर थंड प्रदेशातली दाट लोकर.

तुम्हीही शाळेच्या मैदानावर हा प्रयोग कुत्र्यावाचून करू शकाल. बाराजण मेंढ्या, एकजण कुत्रा. मेंढ्यांना एकच नियम: कुत्रा पाच पावलांच्या आत आला की शेजाऱ्यांच्या घोळक्याकडे सरका. कुत्र्याला वरचे दोन. कोणी बोलायचे नाही. कुत्र्याने धावलेली वाट चुन्याने आखा. मग नियम बदलून, जवळच्या मेंढीमागेच धावायला सांगून पाहा.

आजी अजून पिलाला माजघरात येऊ देत नाही. पण संध्याकाळी शेळ्या गोठ्यात मोजून घेताना ती त्याला दोरीने बांधून शेजारी बसवते, आणि एखादी शेळी बाहेर राहिली की ते आजीच्या आधी मान वळवते.